मधल्या टेबलावरची वस्तू

“मेंढी अडकवायची हिच्यात, लोकर कातरताना. दुसरं काय?” ओवे म्हणाला आणि चामडी पट्टा ओढून दाखवू लागला.

“हात लावू नकोस!” आयविन ओरडला. तो निवृत्त मास्तर. बेटावरचं हे दोन खोल्यांचं संग्रहालय तोच सांभाळायचा, आणि ओवेसारख्या म्हाताऱ्या कोळ्यालाही वर्गातल्या पोरासारखं दटावायचा.

वस्तू मधल्या टेबलावर ठेवली होती. बुटकी लाकडी चौकट. खाली चार लहान चाकं. वर अर्धगोल खाच, तिच्या कडेला मऊ लोकरीचं कातडं ठोकलेलं. बंद पडलेल्या सुतारशाळेच्या माळ्यावर सापडली होती. कुणाची, कशासाठी, काही कळत नव्हतं. म्हणून आयविनने शनिवारी दुपारी जुन्या मंडळींना कॉफीला बोलावलं होतं.

“मला वाटतं, चीज दाबायचं असेल,” बेकरीवाली बिर्थे म्हणाली.

“चीजला चाकं? तुझं चीज पळून जातं की काय?” ओवे म्हणाला.

सगळे हसले. आयविन हसला नाही. त्याने सकाळपासून चार वेळा चौकट उलटीपालटी केली होती. उजवीकडची चाकं डावीकडच्यापेक्षा जास्त झिजली होती. जे काही हिच्यात असायचं, ते कायम उजवीकडे कलायचं. मेंढी कशाला कलेल? आणि पट्ट्याच्या आतून कुणीतरी बारीक टाके घालून फ्लॅनेल शिवलं होतं. एवढी माया मेंढीवर कोण करतं? त्याचं डोकं चालेना.

खिडकीपाशी सिसेल बसली होती. तिच्या कपातली कॉफी तशीच होती. गेल्या हिवाळ्यात तिची आई वारली, तेव्हापासून ती मोठ्या घरात एकटी राहत होती. बोलायची आधीही कमीच. ती उठली, टेबलापाशी आली आणि खाचेतल्या लोकरीवर तिने हात ठेवला. तिला मात्र आयविनने अडवलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“उलटी ठेवलीय तुम्ही,” ती म्हणाली. “बक्कल पाठीमागे हवं. पुढे असलं की तो सोडवून घ्यायचा.”

“कोण, बोकड?” ओवेने विचारलं.

“विगो.”

ओवेचं हसू विरलं. तो सिसेलच्याच वयाचा, लहानपणी एकाच गल्लीतला. “विगो? तुझा धाकटा भाऊ? अगं, तो तर लहानपणीच गेला.”

“हो. गेला.”

“मग?”

“बोटीने गेला, ओवे. त्याला धड चालता येत नव्हतं, बोलणं कुणाला कळत नव्हतं. हिच्यात उभं राहून त्याला चालता यावं म्हणून बाबांनी ही करून घेतली. पुढे डॉक्टर म्हणाले, असली मुलं संस्थेत ठेवतात. बाबा त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर, तिथल्या संस्थेत सोडून आले. शेजारणीने विचारलं, तर आई एवढंच म्हणाली, गेला. तिने शब्द उच्चारला, अर्थ तुम्ही लावलात.”

बिर्थेने हातातली बशी खाली ठेवली.

“आम्ही शाळेतून फुलं घेऊन आलो होतो तुमच्याकडे,” ओवे हळूच म्हणाला. “तुझ्या आईने ती घेतली.”

“पाण्यात ठेवली. आठवडाभर टिकली. मला बजावलं, आता काही बोलायचं नाही. ती असेपर्यंत मी बोलले नाही.”

आयविन एकदा चौकटीकडे पाहत होता, एकदा सिसेलकडे. आयुष्यभर त्याने पोरांना या बेटाचा इतिहास शिकवला होता. त्याने चौकट फिरवून बक्कल पाठीमागे केलं. ओवे म्हणाला,

“म्हणजे इतकी वर्षं तुला भाऊ होता, आणि आम्हाला कुणाला...”

“होता नाही,” सिसेल म्हणाली. “आहे. उद्या सकाळच्या बोटीने आणतेय त्याला. घरी.”