राखेतले कोंब

इव्हान्थियाने खलातल्या पानांवर द्रव नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडली. प्रयोगशाळेच्या बाकावर बसलेली स्तामाता दचकून मागे सरकली.

"भाजतं का गं ते?"

"गोठवतं, मावशी. मग पानांचं पीठ होतं."

ऑगस्टच्या वणव्यात स्तामाताची ऑलिव्हची बाग जळाली होती. वडिलांनी लावलेल्या झाडाच्या बुंध्याशी आता कोंब फुटले होते. वडिलांच्या कलमाचे असले तर राखायचे. खालच्या रानटी खुंटाचे असले तर उपटायचे. नुसतं बघून कळत नव्हतं.

जुळवून पाहायला त्या झाडाचं एकच कलम उरलं होतं, शेजारच्या लेफ्तेरीसच्या अंगणात. त्याच्या बापाने कधीकाळी फांदी मागून नेली होती. बांधाच्या भांडणापासून अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता. तरी मागच्या आठवड्यात लेफ्तेरीस आपण होऊन पिशवीभर पानं घेऊन इथे आला. ती जून निघाली, नळीत नुसता तपकिरी चिकटा उरला. मग ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा शिडीवर चढला. आज शेंड्याची कोवळी पानं देऊन तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

इव्हान्थियाने दोन्ही झाडांची पूड वेगवेगळी गरम द्रावणात मुरवली, नळ्या यंत्रात गरगरा फिरवल्या, वरचं नितळ पाणी काढून त्यात थंडगार अल्कोहोल सोडलं. दोन्ही नळ्यांत कापसाच्या तंतूंसारखं पांढरं काहीतरी तरंगू लागलं.

"हेच का ते?" स्तामाताने हळूच विचारलं.

"हेच, झाडाचा डीएनए. आता दोन्ही ताडून बघते. गुरुवारी या."

गुरुवारी दोघं एकाच बसने आली, लांबलांबच्या सीटवर बसून. इव्हान्थिया दारातच म्हणाली, "जुळलं, मावशी! कोंब तुमच्या वडिलांच्याच कलमाचे आहेत."

स्तामाताने तिचा हात ओढून ओठांना लावला.

"माझे कसले आभार? यांनी पानं दिली नसती तर जुळवलं कशाशी असतं?"

स्तामाता वळली.

लेफ्तेरीस हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "शेळ्यांपासून जप. तेल निघायला पाच वर्षं तरी जातील."

"मग पाच वर्षं जगा, काका," स्तामाता म्हणाली. "नाहीतर पहिली बाटली मी कुणाच्या दारात नेऊन ठेवू?"