सरपंचबाईंची लेअर

“मले सरपंचबाईच्या वर घे,” तानबाजी म्हणाले.

हर्षानं त्यांची लेअर, म्हणजे चित्राचा थर, माउसनं ओढून वर नेली. पडद्यावर तानबाजींचा हसरा चेहरा पुढं आला आणि सरपंच सुलोचनाबाई निम्म्या झाकल्या. खऱ्या सुलोचनाबाई मागं स्टुलावर बसल्या होत्या. तानबाजी लग्नापासून त्यांचे मालक होते, आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव झाल्यापासून गावाचेही.

समुद्रपूरच्या स्टँडसमोर हर्षाचं कॉम्प्युटर सेंटर होतं. लग्नाच्या सीडी, केबलच्या जाहिराती, असली कामं यायची. ही फिल्म मात्र तानबाजींच्या गावाच्या स्वच्छता स्पर्धेची. उद्या वर्ध्याहून समिती येणार, पंचायतीत बसून फिल्म पाहणार, वांग्याची भाजी खाणार आणि निघणार. गावात फिरायचं म्हटलं तर ऊन फार असतं.

“आता संडास वाढव.”

हर्षानं एकच संडास काढला होता. भिंत, छप्पर, निळं दार, आणि दार उघडून हसत बाहेर येणारा माणूस. या साऱ्या लेअर तिनं एका ग्रुपमध्ये बांधल्या होत्या. ग्रुप उचलायचा, पुढच्या घरापाशी चिकटवायचा. सरकारी योजनेला जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते ती चहा पिता पिता करत होती.

“काका, गावात खरे किती आहेत?”

“एक हाये न पंचायतीत. बाकीचे कागदावर झाले. तुह्या बापाचं काय जाते? चिकटव. आमच्या घरापुढं दोन टाक.”

हर्षानं मागं पाहिलं. गावच्या सरपंचबाई रोज उजाडायच्या आत टमरेल घेऊन पऱ्हाटीच्या वावरात जात होत्या, हे साऱ्या गावासारखं हर्षालाही माहीत होतं. सुलोचनाबाईंनी मान वर केली नाही. हर्षानं दोन संडास असे आपटले की माउस टेबलावर वाजला.

तानबाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला बाहेर गेले. हर्षा गर्रकन वळली.

“काकू, सरपंच तुम्ही आहात. काऊन ऐकून घेता? सांगा, आत्ता त्यायले पार खाली दाबते.”

सुलोचनाबाई उठून पडद्यापाशी आल्या. लेअरच्या नावापुढच्या बारक्या डोळ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हा कायचा डोळा?”

“तो बंद केला का ती लेअर दिसत नाई.”

हर्षानं माउसचा बाण थेट तानबाजींच्या डोळ्यावर नेला.

“त्यायचा नको. माहा बंद कर.”

हर्षानं क्लिक केलं. फिल्ममधून सरपंचबाई गेल्या. उरले तानबाजी आणि चहूकडं निळी दारं.

“आता त्यायचं तोंड मोठं कर. सगळ्या संडासायवर दिसलं पाह्यजे.” त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. “समितीचं जेवण होऊ दे. मंग ह्या खोट्या संडासायची तक्रार मीच देणार हाओ.”