एकवीसपैकी एकोणीस

चैत्रालीने व्हिडिओ थांबवला आणि पडद्यावरचे बावीस खेळाडू ओणव्याने तसेच गोठले.

"इथे आपण हरलो," ती जपानीत म्हणाली.

खोलीत ऐंशी मुलं मांडी घालून बसली होती. सगळ्यात मागे, भूकंपात पडू नयेत म्हणून भिंतीला जखडून टाकलेल्या कपाटांपाशी तिचा बाबा बसला होता, उल्हास. नागोयाच्या एका मोटार कारखान्यात इंजिनिअर. लेकीचं हे अमेरिकन फुटबॉलचं खूळ आज एकदाचं संपवायचं, असं ठरवून तो युनिव्हर्सिटीत आला होता. खेळणारे निदान खेळतात तरी. ही तीन वर्षं नुसते व्हिडिओ बघतेय आणि त्यापायी दोन विषय राहिलेत. कोच अकिबांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "आधी बैठक होऊ दे, मग बोलू."

हरल्यानंतरची ही बैठक. ज्याचं जे चुकलं, ते त्याने उभं राहून सांगायचं. कारखान्यातल्या असल्या बैठकांना उल्हास चांगलाच सरावला होता. चूक अशी सांगायची की ती कोणाचीच वाटू नये, हे त्याला छान जमायचं.

या खेळात समोरचा संघ दर वेळी दोनपैकी एक करतो. चेंडू पोटाशी धरून घुसतो, म्हणजे 'रन', नाहीतर लांब फेकतो. ते काय करणार हे आधीच ओळखणं, हे चैत्रालीचं काम. त्यांचे जुने सामने बघून ती सगळं मोजून ठेवते. सामन्याच्या दिवशी वर गॅलरीत हेडफोन लावून बसते आणि खाली एकच शब्द सांगते. त्या शब्दावर अकरा जण आपापल्या ठरलेल्या जागी झेपावतात. गेल्या रविवारी शेवटच्या मिनिटाला तिने 'रन' सांगितलं होतं. समोरच्यांनी चेंडू फेकला.

"अशा जागी ते आधी एकवीस वेळा खेळलेत," चैत्राली म्हणाली. "एकोणीस वेळा रन. म्हणून मी रन सांगितलं."

नव्वद टक्के. उल्हासला हायसं वाटलं. एवढ्यावर त्याच्या कारखान्यातही कोणी बोट दाखवलं नसतं. आता ही खाली बसेल, असं त्याला वाटलं.

"उरलेले दोन मी अपवाद म्हणून काढून टाकले होते. ते आता दाखवते."

तिने ते दोन तुकडे लावले. "बहात्तर नंबर बघा. त्याचा जमिनीवर टेकलेला हात."

बहात्तर नंबर म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात धिप्पाड गडी. एकोणीस वेळा त्याची बोटं मातीत रुतली होती, कारण त्याला सगळा भार टाकून पुढे मुसंडी मारायची होती. दोन वेळा बोटं नुसती टेकली होती, कारण त्याला मागे सरून फेकणाऱ्याला राखायचं होतं. मग तिने गेल्या रविवारचा व्हिडिओ लावला. बोटं नुसती टेकलेली.

उल्हास नकळत गुडघ्यांवर उठला. त्याला या खेळात आजवर फक्त एकमेकांवर पडणारी माणसं दिसली होती. बावीस जणांच्या त्या गर्दीतून त्याच्या मुलीने पाच बोटं वेचून काढली होती.

खिडक्यांचे पडदे ओढायला चैत्राली मागे आली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अगं, कोणी विचारलं होतं का? कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं."

"हिरानो-सान आठवडाभर नीट जेवलेला नाही, बाबा. त्याला वाटतंय तो लेट झाला."

हिरानो म्हणजे कप्तान. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला होता. कप्तान कमी पडला, असं सगळे धरून चालले होते आणि सगळ्यात आधी तो स्वतः.

चैत्राली परत पुढे गेली. या वेळी पडद्यावर एकटा हिरानो होता. चेंडू हलताक्षणी तो सुटला, डावीउजवीकडे पाहिलं नाही, आणि ज्याच्या हातात चेंडूच नव्हता अशा माणसाला त्याने सगळ्या ताकदीनिशी आडवं केलं.

"हिरानो-सान, तुम्हाला उशीर झाला नव्हता. मी सांगितलं तिथे तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचलात. जागा चुकली होती आणि ती मी सांगितली होती." ती कमरेत वाकली आणि वाकूनच राहिली.

व्हिडिओ चालूच होता. हिरानो पुन्हा सुटला, पुन्हा त्याच जागी पोचला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपल्या शब्दावर कोणी असं धावलेलं उल्हासला आठवेना. आपण तसा शब्द कधी दिलाय, हेही आठवेना. गाभाऱ्यापाशी गेल्यावर वाटतं तसं त्याला काहीतरी वाटलं, आणि ते स्वतःच्या मुलीकडे बघून वाटत होतं.

कोच अकिबांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. उल्हासने नको अशी मान हलवली. त्याला आता काही बोलायचं नव्हतं.

हिरानो उठला. येत्या रविवारचा सामना त्याचा कॉलेजमधला शेवटचा होता. तोही गमावला तर संघ वरच्या गटातून खाली जाणार होता. तो चालत चैत्रालीच्या अगदी समोर जाऊन थांबला.

"रविवारी," हिरानो म्हणाला, "मी कुठे धावू?"