पायाशी लोळण

कर्तृत्ववान माणसाच्या पायाशी यश लोळण घेतं. जनावरांच्या डॉक्टरांच्या पायाशी तूर्त त्यांचं कुत्रं लोळत होतं.

"एवढी माया?" बायको म्हणाली. "त्याला खाऊ घालते मी, आणि लोळतंय तुमच्यापुढे!"

डॉक्टर हसले नाहीत. कुत्री का लोळतात, हे ते मालकांना नेहमी समजावत. पाठीला खाज सुटते म्हणून, नाहीतर आनंद झाला म्हणून. आणि कुठे काही मेलेलं सापडलं, तर त्याचा वास अंगाला फासून घ्यायला. तेव्हा ती आधी मान टेकवतात, मग खांदा घासतात आणि डोळे मिटून घेतात.

या कुत्र्याने आधी मान टेकवली होती. त्याचे डोळे मिटलेले होते.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा आंघोळ केली आणि दवाखाना गाठला. तिथली कुत्री त्यांना बघितलं की सुईच्या धाकाने बाकाखाली दडत. आज त्या धाकाचाच काय तो आधार होता.

पहिला पेशंट चावरा अल्सेशियन. तो साखळी ओढत सरळ डॉक्टरांच्या बुटांपाशी आला आणि त्याने मान टेकवली.

"कमाल आहे, डॉक्टर!" मालक म्हणाला. "हा माझ्या सख्ख्या भावालासुद्धा जवळ येऊ देत नाही."

बाकावरच्या पामेरियनने मालकिणीच्या मांडीवरून उडी मारली. त्या पामेरियनमागून आणखी दोन कुत्री आली. भुंकत कुणीच नव्हतं. फरशीवर पाठी घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

डॉक्टर आतल्या खोलीत गेले. दार लावून त्यांनी बूट-मोजे काढले आणि वाकून स्वतःचे पाय हुंगले.

साबणाचा वास येत होता.