मागचं टोक

वाटणीत लेथ मशीन थोरल्याकडे आलं आणि त्याच्या मागची खोली धाकट्याकडे गेली. मधल्या भिंतीला जुनं भोक होतं. लांब सळई मशीनमध्ये घातली की तिचं मागचं टोक त्या भोकातून पलीकडे जायचं. वाटणीनंतर भावाभावांत बोलणं बंद झालं आणि धाकट्याने भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला.

अशात एक सळई कामाला आली, करंगळीहून बारीक आणि चांगली दोन पुरुष लांब. दोन्ही टोकांना आटे पाडून द्यायचे होते. थोरल्याने ती मागे ढकलली, तसा बोळा पलीकडे पडला. कुणी ओरडलं नाही.

"मागून आधार नाही," तो बायकोला म्हणाला. "मशीन फिरलं की ते टोक चाबकासारखं उडेल आणि सळई वाकेल."

"मग जाऊबाईंना सांगून येऊ का, जरा टेकू द्या म्हणून?"

"काही गरज नाही. नाक मुठीत धरून त्यांच्या दारात जायचं नाही."

त्याने अगदी कमी वेगात मशीन सुरू केलं. सळई मुकाट फिरत राहिली, थरथरलीसुद्धा नाही. आटे इतके स्वच्छ पडले की नट नुसत्या बोटाने फिरत आत गेला.

"बघितलंस?" थोरला हात पुसत म्हणाला. "कुणावाचून काही अडत नाही."

तेवढ्यात भोकातून आवाज आला, "दादा, दुसरं टोक उद्या नको घेऊस. उद्या मी घरी नाही."