मशीनचं वजन

बाबा गेल्यावर आमचं जेवणाचं टेबल मी घासायला काढलं. दर जेवणाला मूठ आपटून आपटून त्यांनी त्यात खळगा पाडला होता. तो मला नाहीसा करायचाच होता.

सँडिंगचं मशीन शिकवताना दादा खेकसला, "दाबू नकोस गं! मशीनचं वजन पुरे आहे."

"नाही दाबत!"

"मग खळगा खोल कसा होतोय?"

माझं डोकंच फिरलं. या घरात चूक कायम माझीच! "हे बघ," म्हणत मी दोन्ही हात वर केले.

सोडलेलं मशीन टेबलभर सैरावैरा पळायला हवं होतं. ते बाबांच्या खळग्यातच घरघरत राहिलं.

दादाने प्लग उपटला. आवाज बंद झाला.

लाकूड करकरलं. मशीन अजून खाली रुतत होतं.