अजून भेते ती

प्राण्यांच्या संस्थेने छळातून सोडवलेली एक कुत्री नंदिनीने थोड्या दिवसांसाठी घरी आणली, आणि आल्या आल्या ती थेट दिवाणाखाली शिरली. संध्याकाळी प्रेमानंद कामावरून आला. नेहमीसारखं दार आपटून ओरडला, "पाणी आणा वं कोणी!" तशी कुत्री भीतीने जागेवरच मुतली.

"बाबा, तिले मोठ्या आवाजाचं भ्या वाटते," नंदिनी म्हणाली. "मंग जेवत नाही ती."

दुसऱ्या दिवशी प्रेमानंदने दार हळूच लोटलं. भाजी खारट झाली तेव्हा त्याचा हात नेहमीसारखा ताट भिरकवायला गेला. मग दिवाणाखाली बघत तो बेतानेच म्हणाला, "मीठ जरा जास्त झालं वं, शालू." त्या दिवसापासून त्याची बायको त्याच्यासोबत जेवायला बसू लागली.

महिनाभराने संस्थेतून फोन आला. रामदासपेठेतलं एक कुटुंब कुत्रीला कायमचं न्यायला तयार होतं. "आता रुळली ना ती?" संस्थेतल्या बाईंनी विचारलं.

शालूने पाहिलं. कुत्री प्रेमानंदच्या पायावर मान टाकून खुशाल घोरत होती.

"नाही हो मॅडम," शालू म्हणाली, "अजून लय भेते. राहू द्या आणखी थोडे दिवस."

तिने फोन ठेवला. प्रेमानंद बराच वेळ कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"इथंच ठेवू तिले," शेवटी तो म्हणाला. "अन् ती नसली, तरी नाही ओरडणार मी."